ग्रीनलंडच्या नावाखालचा कंस

प्रश्न असा आहे: "मुलीच्या अ‍ॅटलासमध्ये ग्रीनलंड उत्तर अमेरिकेच्या पानावर आहे, पण नावाखाली कंसात 'डेन्मार्क' लिहिलंय. बातम्यांत त्यांचा स्वतःचा पंतप्रधान बोलताना दिसतो. पासपोर्ट डॅनिश, तरी युरोपियन युनियनमध्ये नाही म्हणतात. मग हा देश, राज्य की वसाहत? आणि कुणी विकत घेतो म्हटलं तर खरंच घेता येतो का?"

मी सव्वीस वर्षं शालेय नकाशे आणि भिंतीवरचे तक्ते संपादित करतोय. तुमच्या मुलीच्या अ‍ॅटलासात आहे तसा कंस मी स्वतः कितीतरी वेळा टाकलाय. त्यामुळे हे उत्तर थोडंसं कबुलीजबाबासारखं होईल.

आधी थोडक्यात सांगतो. भूगोलाच्या हिशेबाने ग्रीनलंड उत्तर अमेरिकेत आहे. सार्वभौमत्वाच्या हिशेबाने तो डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे. रोजचा कारभार त्याचा स्वतःचा आहे, युरोपियन युनियनमध्ये तो नाही, नाटोमध्ये आहे. वसाहत हा दर्जा कागदोपत्री १९५३ मध्ये संपला. स्वतंत्र देश तो अजून झालेला नाही, पण होण्याचा कायदेशीर रस्ता २००९ पासून लिहून ठेवलेला आहे. 'देश आहे का' या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देणारा माणूस घाईत आहे असं समजा. विचारायचं ते असं: कुठल्या बाबतीत? मासेमारीच्या, व्हिसाच्या, कोर्टाच्या, लष्कराच्या? बाब बदलली की उत्तर बदलतं.

आता नकाशा. वर्गातल्या भिंतीवर जो जगाचा नकाशा असतो, तो बहुधा मर्केटर प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक पद्धत) किंवा त्याच्या एखाद्या भावंडाचा. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका भूभाग फुगतो. १९ अक्षांशावरचा महाराष्ट्र क्षेत्रफळात जेमतेम बारा टक्के फुगतो, तर ७२ अक्षांशावरचा ग्रीनलंडचा मधला पट्टा दहापटीहून जास्त. शाळांच्या कार्यशाळेत मी एक साधा खेळ करतो. पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून ग्रीनलंड गिरवायचा, कापायचा, आणि त्याच गोलावर भारतावर ठेवायचा. कागद काश्मीरपासून दक्षिणेकडे सरकतो, पण कन्याकुमारी उघडीच राहते. भारताचा सुमारे दोन तृतीयांश भाग झाकला जातो. मुलं दरवेळी कागद उलटसुलट फिरवून पाहतात, कुठेतरी मी फसवतोय अशा नजरेने.

तरीही ते जगातलं सर्वांत मोठं बेट आहेच. क्षेत्रफळ २१,६६,०८६ चौरस किलोमीटर, म्हणजे सात महाराष्ट्र. त्यातला सुमारे ऐंशी टक्के भाग बर्फाच्या थराखाली. हा थर मध्यभागी तीन किलोमीटरहून जाड आहे आणि त्याच्या वजनाने खालचा खडक इतका दबलाय की बेटाच्या मध्यभागी जमीन समुद्रसपाटीच्याही खाली गेली आहे. सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सात मीटरहून जास्त चढेल. बर्फाविना उरते ती किनारपट्टीची झालर, सुमारे चार लाख चौरस किलोमीटर. ही झालरसुद्धा महाराष्ट्राहून मोठी आहे. आणि तिच्यावर राहणारी माणसं? साधारण ५७ हजार. मुंबई महापालिकेच्या २२७ प्रभागांत २०११ची लोकसंख्या वाटली तर एका नगरसेवकाच्या वाट्याला जेवढी येते, त्याच्या आसपास. त्यातले वीसेक हजार एकट्या नूक या राजधानीत. दोन शहरांना जोडणारा पक्का रस्ता कुठेच नाही. जायचं तर बोट, विमान, हेलिकॉप्टर, आणि उत्तरेकडे हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी.

उत्तर अमेरिकेत का धरायचा, तर भूपट्ट उत्तर अमेरिकेचा आहे आणि शेजारही तिकडचाच. कॅनडाच्या एल्समेअर बेटापासून त्याला वेगळं करणारी सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी तीस किलोमीटरहूनही कमी रुंद आहे, आणि हिवाळ्यात ती गोठते. आजच्या ग्रीनलंडवासीयांचे पूर्वज, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी इनुइट, याच बाजूने, बर्फावरून आले. दुसरीकडे कोपनहेगन ते नूक हे अंतर साडेतीन हजार किलोमीटर, म्हणजे भारताच्या दक्षिणोत्तर लांबीहून जास्त. आणखी एक गंमत. सगळे त्याला आर्क्टिक म्हणतात आणि बहुतेक बेट आहेही आर्क्टिक वृत्ताच्या आत, पण नूक ६४ अक्षांशावर आहे, वृत्ताच्या दक्षिणेला. मध्यरात्रीचा सूर्य पाहायला नूकला जाणाऱ्यांचा थोडा विरस होतो.

'बेट' म्हणालो, पण हे एकच बेट आहे याचीसुद्धा खात्री विसाव्या शतकातच झाली. हा माझा आवडता किस्सा आहे, म्हणून जरा थांबतो. १८९२ मध्ये अमेरिकेचा शोधक रॉबर्ट पिअरी ईशान्य टोकाला एका कड्यावर पोहोचला. समोर त्याला पाणी आणि सखल भाग दिसला. त्याने ठरवलं की ही ग्रीनलंडच्या आरपार जाणारी सामुद्रधुनी आहे आणि पलीकडचा भूभाग वेगळं बेट आहे. नकाशावर 'पिअरी चॅनेल' आलं. १९०७ मध्ये मिलियस-एरिकसनच्या नेतृत्वाखालची तिघांची डॅनिश तुकडी तो नकाशा घेऊन तिथे गेली. जिथे वाट असायला हवी तिथे फ्योर्डचा, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद खाडीचा, बंद शेवट लागला. या फेऱ्यात उन्हाळा गेला, अन्न संपलं आणि परत येताना तिघेही मेले. त्यांच्यातला ग्रीनलंडर यर्गन ब्रोनलुंड शेवटपर्यंत चालला आणि त्यांचे नकाशे अन्नसाठ्याच्या ठिकाणापर्यंत आणून मग मेला. पुढच्या वर्षी त्याच्या मृतदेहाजवळ नकाशे सापडले. 'पिअरी चॅनेल अस्तित्वात नाही' असं सांगणारी चिठ्ठी १९१० मध्ये एका दगडांच्या ढिगाऱ्यात मिळाली, आणि १९१२ मध्ये क्नुड रासमुसन या शोधकाने तिथे जाऊन ते पक्कं केलं. माझ्या टेबलावर नवा माणूस आला की मी त्याला हे सांगतो. ज्या रेषेची खात्री नाही ती तुटक काढायची, हा आमचा नियम कुठून आला हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

या खोट्या सामुद्रधुनीला राजकीय वजनही होतं. पलीकडची जमीन वेगळं बेट असती तर अमेरिकेला शोधाच्या हक्काने दावा करता आला असता. तो दावा सुटला व्यवहारात. वेस्ट इंडीजमधली आपली बेटं डेन्मार्कने अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली, त्या वेळी १९१६ मध्ये अमेरिकेने लिहून दिलं की डेन्मार्कने आपले हितसंबंध सगळ्या ग्रीनलंडभर पसरवले तर आमची हरकत नाही. अमेरिकेच्या आजच्या खरेदीच्या गप्पा ऐकताना हा कागद आठवावा.

मग डेन्मार्ककडे हा मुळात आला कसा? दहाव्या शतकाच्या शेवटी आइसलंडहून हद्दपार झालेल्या एरिक द रेडने नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन लोकांची, वस्ती वसवली. लोक यावेत म्हणून 'हिरवा देश' हे नावही त्यानेच दिलं असं जुन्या कथा सांगतात. म्हणजे प्लॉट विकणाऱ्यांची जाहिरातबाजी फार जुनी आहे. १२६१ मध्ये ही वस्ती नॉर्वेच्या राजाखाली गेली, १३८० पासून नॉर्वे आणि डेन्मार्क एका मुकुटाखाली आले, आणि पंधराव्या शतकात कधीतरी नॉर्स वस्ती संपली. १४०८ मधलं एका चर्चमधलं लग्न ही तिची शेवटची लेखी खूण. इनुइट मात्र राहिले. १७२१ मध्ये हान्स एगेडे हा पाद्री हरवलेले नॉर्स लोक शोधायला म्हणून आला, ते मिळाले नाहीत, म्हणून इनुइटांना ख्रिस्ती करायला लागला. तिथून डॅनिश वसाहत. १८१४ च्या कीलच्या तहात नॉर्वे डेन्मार्ककडून स्वीडनकडे गेलं, पण ग्रीनलंड, आइसलंड आणि फॅरो बेटं डेन्मार्ककडेच राहिली.

याच मुकुटाच्या आपल्याकडेही वसाहती होत्या, तरंगमबाडी आणि श्रीरामपूर. श्रीरामपूर म्हणजे बंगालमधलं, नगर जिल्ह्यातलं नव्हे. दोन्ही १८४५ मध्ये इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकल्या. भारतातल्या विकल्या, कॅरिबियनमधली बेटं विकली, ग्रीनलंड ठेवला. १९४६ मध्ये अमेरिकेने दहा कोटी डॉलरचं सोनं देऊ केलं, तेव्हाही विकला नाही.

१९३१ मध्ये नॉर्वेने पूर्व किनाऱ्याचा एक पट्टा ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं. म्हणणं असं की डेन्मार्कचा अंमल फक्त पश्चिमेकडच्या वस्त्यांवर आहे, पूर्व किनारा कुणाचाच नाही. खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि ५ एप्रिल १९३३ ला डेन्मार्कच्या बाजूने निकाल लागला. कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात एका तोंडी आश्वासनासाठी. नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री इलेन १९१९ मध्ये डॅनिश दूताला बोलून गेले होते की आम्ही अडचण करणार नाही, आणि तेवढ्यावर नॉर्वे बांधलं गेलं. मी तो निकाल वेगळ्याच कारणासाठी जपतो. न्यायालयाने म्हटलं की जुन्या दस्तऐवजांत 'ग्रीनलंड' हा शब्द आला की त्याचा नेहमीचा अर्थ नकाशांवर सर्रास दाखवला जातो तो, म्हणजे सगळं बेट. कुणाला वेगळा अर्थ काढायचा असेल तर सिद्ध त्याने करावं. नकाशावर नाव कुठून कुठपर्यंत पसरवून लिहायचं हा आमच्याकडे अक्षरजुळणीचा प्रश्न असतो. तिथे त्याच्यावर देशाची हद्द ठरायला मदत झाली.

आता १९५३. नव्या डॅनिश राज्यघटनेने ग्रीनलंड वसाहत न राहता डेन्मार्कचा एक जिल्हा झाला, कोपनहेगनच्या संसदेत, म्हणजे फोल्केटिंगमध्ये, त्याला दोन जागा मिळाल्या. १७९ पैकी दोन, आजही तितक्याच. या घटनेवर डेन्मार्कमध्ये सार्वमत झालं, पण ग्रीनलंडच्या लोकांना मतदान नव्हतं. तिथल्या प्रांतिक मंडळाची संमती पुरेशी धरली गेली. १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्रीनलंडला 'स्वशासन नसलेल्या प्रदेशां'च्या यादीतून काढलं.

गोव्याच्या वाचकांना इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. पोर्तुगालने १९५१ मध्ये हेच केलं होतं. घटना बदलून 'वसाहत' शब्द काढला आणि गोव्याला 'समुद्रापलीकडचा प्रांत' म्हटलं. संयुक्त राष्ट्रांनी ते मानलं नाही. डिसेंबर १९६० च्या ठरावात गोवा त्या यादीत नावानिशी आला आणि वर्षभरात प्रश्नच मिटला. डेन्मार्कचं मात्र मानलं गेलं. फरक खरा होता. एकीकडे सालाझारची हुकूमशाही, दुसरीकडे लोकशाही संसद आणि तिथे निवडून गेलेले दोन ग्रीनलंडर. पण युक्ती तीच, हेही खरं. नाव बदललं म्हणजे नातं बदललं असं होत नाही, आणि ग्रीनलंडमध्ये ते पुढच्या वीस वर्षांत कळलं.

'बरोबरीचा डॅनिश जिल्हा' करायचं म्हणून लहान वस्त्या बंद करून माणसं शहरांत आणली. नूकमध्ये १९६० च्या दशकात 'ब्लॉक पी' नावाची लांबलचक इमारत उभी राहिली. तिच्यात एकट्यात देशाची सुमारे एक टक्का लोकसंख्या राहायची. शिकाऱ्यांच्या जाड कपड्यांना दारं अरुंद पडत, आणि मासे साफ करायला न्हाणीघराशिवाय जागा नसे, असं तिथले लोक सांगतात. २०१२ मध्ये ती पाडली. पण त्याच काळात याहून भयंकर गोष्टी झाल्या. १९६६ पासून काही वर्षांत सुमारे साडेचार हजार मुली आणि बायकांना गर्भनिरोधक तांबी बसवली गेली, अनेकींना न विचारता, न सांगता. डॅनिश पंतप्रधानांनी त्याबद्दल नूकला जाऊन माफी मागितली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. आजच्या राजकारणातला राग कुठला, हे याशिवाय समजत नाही.

१९७२ मध्ये डेन्मार्कने युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनच्या पूर्वरूपात, जायचं ठरवलं. ग्रीनलंडमधल्या सुमारे सत्तर टक्के मतदारांनी नको म्हटलं होतं, तरी १९७३ मध्ये तेही आत ओढले गेले आणि परदेशी ट्रॉलर, म्हणजे मोठी मासेमारी जहाजं, त्यांच्या पाण्यात आले. स्वतःच्या सरकारची मागणी इथून पेटली. जानेवारी १९७९ मध्ये सार्वमत, १ मे १९७९ पासून गृहशासन, म्हणजे अंतर्गत कारभार स्वतःच्या हाती. त्या सरकारने पुन्हा मतदान घेतलं आणि १ फेब्रुवारी १९८५ ला ग्रीनलंड युरोपीय समुदायातून बाहेर पडला, ब्रेक्झिटच्या पस्तीस वर्षं आधी. तेव्हाच्या समुदायाचं नकाशावरचं निम्म्याहून जास्त क्षेत्रफळ एका दिवसात गेलं आणि लोकसंख्या गेली पन्नासेक हजार.

तेव्हापासून त्याचा दर्जा युनियनशी जोडलेल्या सागरपार प्रदेशाचा. मासे जकातीशिवाय युरोपात जातात, त्यांच्या पाण्यात मासेमारीसाठी युरोप पैसे मोजतो. आणि हे नीट वाचा: ग्रीनलंडचा प्रदेश युनियनमध्ये नाही, पण ग्रीनलंडचा माणूस डॅनिश नागरिक असल्यामुळे युनियनचा नागरिक आहे. जमीन बाहेर, माणूस आत.

व्हिसाचा गोंधळ इथूनच. माझ्या ओळखीचे पुण्यातले एक छायाचित्रकार शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालणारा) घेऊन कोपनहेगनला पोहोचले आणि नूकच्या विमानाच्या काउंटरवर अडकले. ग्रीनलंड शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर तिथे जायचं तर डॅनिश वकिलातीकडे अर्ज करतानाच ग्रीनलंडचा उल्लेख करावा लागतो आणि व्हिसावर 'ग्रीनलंडसाठी वैध' अशी नोंद लागते. वाट डेन्मार्क किंवा आइसलंडमधून असेल तर शेंगेनही हवाच. त्यांनी नकाशा पाहूनच बेत आखला होता आणि नकाशात तर कंसात डेन्मार्क. मी गप्प बसलो.

सध्याची चौकट २००९ ची आहे. नोव्हेंबर २००८ च्या सार्वमतात ७५.५ टक्के लोकांनी होकार दिला आणि २१ जून २००९ ला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, स्वयंशासनाचा कायदा लागू झाला. संसद ३१ जणांची, नाव इनात्सिसार्तुत. सरकार म्हणजे नालाक्कर्सुइसुत. मार्च २०२५ च्या निवडणुकीनंतर पंतप्रधान येन्स-फ्रेडरिक नील्सन. कलाल्लिसुत, म्हणजे ग्रीनलंडची इनुइट भाषा, ही एकमेव अधिकृत भाषा, जरी डॅनिश सगळीकडे ऐकू येते. शाळा, दवाखाने, कर, मासेमारी, पर्यावरण, खनिजं हे सगळं नूकचं. राज्यघटना, नागरिकत्व, सर्वोच्च न्यायालय, परराष्ट्र व संरक्षण धोरण आणि चलन हे डेन्मार्कचं. मधे एक तिसरा कप्पा आहे. तो म्हणजे मागितला की मिळेल, पण खर्च तुमचा. पोलीस, न्यायालयं, तुरुंग अजून या कप्प्यात आहेत. नूकने घेतलेले नाहीत, कारण परवडत नाहीत.

आपल्याकडचे लोक लगेच विचारतात, म्हणजे हे केंद्र आणि राज्यासारखंच ना? नाही. महाराष्ट्राचे अधिकार भारताच्या राज्यघटनेत आहेत. ग्रीनलंडचे एका डॅनिश कायद्यात. या अर्थाने ते कच्चे. पण महाराष्ट्राला भारताबाहेर पडण्याची तरतूद नाही. ग्रीनलंडला आहे. कायद्याच्या प्रस्तावनेतच ग्रीनलंडचे लोक आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार स्वयंनिर्णयाचा हक्क असलेला एक जनसमूह आहेत असं मान्य केलंय. कलम २१ सांगतं की स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलंडच्या जनतेने घ्यायचा. मग दोन्ही सरकारांनी वाटाघाटी करून करार करायचा, इनात्सिसार्तुतची संमती, ग्रीनलंडमध्ये सार्वमत, आणि फोल्केटिंगची संमती. कोपनहेगनहून नूकला पाठवलेला एक उच्चायुक्त असतो, पण राज्यपालासारखा कायद्यांवर सही करणारा नाही. राजा मात्र सगळ्यांचा एकच, फ्रेडरिक दहावा.

दार उघडं असून जात का नाहीत, तर पैसा. डेन्मार्कचं वार्षिक अनुदान २००९ च्या किमतीत ३४३ कोटी ९६ लाख क्रोनर (डॅनिश चलन) ठरलं आणि महागाईबरोबर वाढतं. म्हणजे त्या वेळी माणशी सुमारे साठ हजार क्रोनर. नूकच्या सरकारी तिजोरीत येणारा जवळपास निम्मा पैसा हाच. निर्यातीत मासे आणि कोळंबी नव्वद टक्क्यांच्या वर. खनिजांवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी कायद्यात एक खोच आहे: खनिजांचं उत्पन्न वर्षाला साडेसात कोटी क्रोनरच्या वर गेलं की वरच्या रकमेच्या निम्म्याने अनुदान कापलं जातं. शिवाय दुर्मिळ खनिजांचा सगळ्यात गाजलेला साठा, क्वानेफ्येल्ड, युरेनियमसोबत आहे, आणि २०२१ मध्ये लोकांनी त्याच मुद्द्यावर सरकार बदललं, युरेनियम खाणींवर बंदी आली. खनिजांचे नकाशे मला दर सहा महिन्यांनी मागितले जातात. त्यावर सगळीकडे ठिपके असतात आणि ठिपक्यांपर्यंत जाणारा रस्ता एकही नसतो.

लष्कराची बाब सर्वांत गुंतागुंतीची. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला. बरोबर वर्षाने वॉशिंग्टनमधले डॅनिश राजदूत हेन्रिक कॉफमन यांनी कोपनहेगनला न विचारता अमेरिकेशी ग्रीनलंडच्या संरक्षणाचा करार केला. १९५१ मध्ये नवा करार झाला, तो आजही लागू आहे. वायव्येला थुले इथे अमेरिकेचा हवाई तळ झाला, १९५३ मध्ये जवळच्या इनुइट कुटुंबांना हलवून शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला कानाकला नेलं. डेन्मार्क बाहेर अण्वस्त्रमुक्तीचं धोरण सांगत होता, आणि २१ जानेवारी १९६८ ला चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन जाणारं अमेरिकी बी-५२ बॉम्बफेकी विमान त्या तळाजवळ बर्फावर कोसळलं. २००४ मध्ये करार सुधारला तेव्हा पहिल्यांदा ग्रीनलंडच्या सरकारचीही सही झाली. तळाचं नाव २०२३ पासून पितुफिक. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की सुरक्षेसाठी अमेरिकेला ग्रीनलंड हवाच, तेव्हा मला प्रश्न पडतो, १९५१ च्या कागदात काय कमी आहे?

विकत घेण्याबद्दल. कायद्याने, डॅनिश घटनेचं कलम १९ फोल्केटिंगच्या संमतीशिवाय भूभाग कमी करू देत नाही, आणि २००९ नंतर ग्रीनलंडच्या लोकांना वगळून निर्णय होऊच शकत नाही. जानेवारी २०२५ च्या एका जनमत चाचणीत ८५ टक्क्यांनी अमेरिकेत सामील व्हायला नको म्हटलं. पण मला याहून बोलकी गोष्ट दुसरीच वाटते. ग्रीनलंडमध्ये जमिनीची खासगी मालकी नाही. घर तुमचं, खालची जमीन नाही. पालिकेकडून ती वापरण्याचा हक्क मिळतो. कुंपण, बांध, भाऊबंदकीची मोजणी, काही नाही. तिथे सातबाराच नाही. ज्या समाजात घराखालचा तुकडासुद्धा कुणी विकू शकत नाही, त्यांना सगळं बेट केवढ्याला म्हणून विचारलं जातंय.

खेळातही हीच त्रेधा. ऑलिम्पिकला ग्रीनलंडचे खेळाडू डेन्मार्कच्या नावाने उतरतात. फुटबॉलमध्ये युरोपची संघटना फक्त संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेचे देश घेते. डेन्मार्कच्याच राज्यातली फॅरो बेटं तो नियम येण्याआधी शिरली. म्हणून ग्रीनलंडने उत्तर अमेरिकेच्या संघटनेकडे अर्ज केला. तो जून २०२५ मध्ये फेटाळला गेला. हँडबॉलमध्ये मात्र ते उत्तर अमेरिकेतून खेळतात.

आणखी एक गल्लत निस्तरतो, कारण ती दर वर्षी प्रूफात सापडते. स्वालबार्ड म्हणजे ग्रीनलंड नव्हे. स्वालबार्ड नॉर्वेचा, स्वायत्त नाही, १९२० च्या पॅरिस तहाखालचा. त्या तहावर भारताचीही सही आहे, आणि वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय केंद्राचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र तिथे आहे, ग्रीनलंडमध्ये नाही.

तर कंसाचं काय करायचं? 'डेन्मार्क' काढून टाकणं चूक ठरेल, सार्वभौमत्व अजून तिथेच आहे. मी दोन बदल केलेत. कंसात आता 'डेन्मार्क राज्य, स्वायत्त' असं जातं, आणि मोठ्या पानावर ग्रीनलंडच्या नावाखाली 'कलाल्लित नुनात' हे त्यांच्या भाषेतलं नाव येतं. रंग डेन्मार्कचाच, पण फिका. एका प्रकाशकाने छपाईत तो फिका रंग 'सुधारून' गडद केला होता, तेव्हा सगळी आवृत्ती शुद्धिपत्रासह गेली.

शेवटचा राहिलेला प्रश्न हद्दीचा आहे. एल्समेअरच्या सामुद्रधुनीत टार्टुपालुक नावाचा सव्वा चौरस किलोमीटरचा उघडा खडक आहे, हान्स बेट. त्यावरून कॅनडा आणि डेन्मार्क कित्येक वर्षं भांडत होते. एकाचे सैनिक येऊन झेंडा आणि व्हिस्कीची बाटली ठेवत, दुसऱ्याचे येऊन आपली. जून २०२२ मध्ये ओटावात वाटणी झाली आणि करारावर डेन्मार्कच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या शेजारी ग्रीनलंडच्या पंतप्रधानांनीही सही केली. त्यामुळे कॅनडाला आता दुसरी भूसीमा आहे. आमच्या भिंतीवरच्या तक्त्याचं प्रमाण एकास दोन कोटी. त्यावर ते बेट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान येतं. तरी मुद्रितशोधक बाईंनी परवा समासात पेन्सिलने विचारलंच, "इथे सीमारेषा हवी ना? आणि पलीकडे नाव कुणाचं लिहू?"